फ्रान्समध्ये नीतिशास्त्र शिकवायचं असेल तर

फ्रेंच विद्यापीठात नीतिशास्त्र किंवा राजकीय तत्त्वज्ञान शिकवायचं ठरवलं की पहिलं नाव कानावर येतं ते ‘आग्रेगासियाँ’चं. शिक्षकभरतीची ही राष्ट्रीय स्पर्धा परीक्षा. तत्त्वज्ञ मिशेल फुको १९५० मध्ये तिच्यात नापास झाले, १९५१ मध्ये उत्तीर्ण झाले. भारतीय पासपोर्टवर या परीक्षेला बसताच येत नाही. म्हणून बेत सोडू नका. ‘मेत्र द कॉन्फेरांस’ या विद्यापीठातल्या पहिल्या कायम पदाला नागरिकत्वाची अट नाही, सेएनआरएस या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या संशोधकपदालाही नाही.

मुलाखतीला समोर आलेले बरेच उमेदवार मात्र ही परीक्षा झालेले असतात. त्यामुळे तिची तालीम तुम्हीही करा: एक प्रश्न, पाच तास तयारी, चाळीस मिनिटं व्याख्यान. समजा विषय आला, ‘अन्याय्य कायदा पाळावा का?’ आपल्याकडची मुलं इथे कोण काय म्हणालं याची यादी देतात आणि तिथेच मार खातात. प्रश्नातला पेच आधी उघडा: कायदा न्याय्य आहे म्हणून पाळायचा, की कायदा आहे म्हणून? व्याख्यानाच्या प्रत्येक भागाने आधीच्या भागाचं उत्तर अपुरं ठरवत पुढे जायला हवं. प्लेटो, हॉब्ज, कांट त्या ओघातच यावेत.

प्रबंधासाठी ‘फुको आणि सत्ता’ असले ऐसपैस विषय टाळा. फुकोंची हस्तलिखितं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, तत्त्वज्ञ लेव्हिनास यांची काँ शहराजवळच्या इमेक संग्रहात. तिथे बसून एखादा नेमका प्रश्न सोडवलात तर प्रबंधाला वजन येतं. निर्वासितांवर नुसत्या मुलाखती घेऊन लिहिलंत, तर ‘हे समाजशास्त्र झालं’ असा शेरा बसू शकतो. राष्ट्रीय विद्यापीठ परिषदेत तत्त्वज्ञानाचा विभाग १७, राज्यशास्त्राचा ०४, समाजशास्त्राचा १९. बहुतेक पदांसाठी आधी तिथून पात्रता मिळवावी लागते. विषय सीमेवरचा असेल तर दोन विभागांत अर्ज करा.

डॉक्टरेटचा करार तीन वर्षांचा. जोडीला वर्षाला ६४ तासांपर्यंत अध्यापन मिळू शकतं, ते जरूर घ्या. शेवटच्या टप्प्यात ‘आतेर’ ही तात्पुरती शिक्षकाची जागा मिळाली, तर पूर्ण पदाला १९२ तास शिकवावं लागतं, अर्ध्याला ९६. प्रबंध अपुरा असेल तर पैशांची ओढाताण सोसूनही अर्धं पद घेतलेलं बरं. पात्रतेच्या अर्जाला प्रबंधाच्या तोंडी परीक्षेचा अहवाल जोडावा लागतो आणि कागदपत्रांची मुदत साधारण डिसेंबरात संपते. तोंडी परीक्षा जानेवारीवर गेली की अख्खं वर्ष हातचं जातं, म्हणून मार्गदर्शकांशी तारीख उन्हाळ्याच्या सुटीआधीच ठरवा.