चावीला टॅग लावताना: काय दिसतं, काय दिसत नाही आणि कुणाला दिसतं

हरवलेली चावी किंवा बॅग शोधायला लावतात त्या बटणाएवढ्या टॅगमध्ये जीपीएस नसतं आणि सिमही नसतं. तो ब्लूटूथवर नुसता 'मी इथे आहे, मी इथे आहे' असं पुटपुटत राहतो. जवळून जाणाऱ्या कुणाच्या तरी फोनला ते ऐकू येतं, तो फोन आपलं ठिकाण जोडून कुलूपबंद निरोप पुढे ढकलतो आणि तुमच्या नकाशावर ठिपका उमटतो. निरोप्याला याचा पत्ता नसतो. तो निरोप ॲपल किंवा गूगललाही वाचता येत नाही.

म्हणजे टॅगचा सगळा भरवसा आजूबाजूच्या फोनांवर. ठाणे स्टेशनच्या पुलावर पडलेली चावी पटकन दिसेल. तीच चावी घोडबंदर रोडवरच्या टॉवरच्या दुसऱ्या बेसमेंटमध्ये पडली, तर तिथे फोनला रेंजच नसते आणि ठिपका कालच्याच जागी बसून राहतो. त्याला टॅग बिघडला असं समजू नका. नकाशावर आधी वेळ वाचायची, मग जागा.

घेताना आधी आपला फोन बघा. ॲपलचा एअरटॅग आयफोनलाच जोडता येतो, सॅमसंगचा स्मार्टटॅग गॅलक्सी फोनलाच. बाकी अँड्रॉइडवाल्यांनी गूगलच्या फाइंड हब या शोधजाळ्यावर चालणारा घ्यावा. जिओटॅग एअर ॲपलच्या जाळ्यावर चालतो आणि जिओटॅग गो गूगलच्या, तेव्हा दुकानात नुसतं 'जिओटॅग द्या' म्हणू नका. जुना टॅग कुणाकडून घेत असाल तर त्याने तो आपल्या खात्यातून तुमच्यासमोर काढून टाकायला हवा, नाहीतर तो तुमच्या फोनला जोडला जाणार नाही.

जोडणं सोपं आहे. ब्लूटूथ आणि लोकेशन चालू करा, टॅगची प्लॅस्टिकची पट्टी ओढा, फोनजवळ धरा आणि पडद्यावर येईल त्याला होकार द्या. नाव 'चावी' एवढंच पुरे. हरवल्यावर दिसणाऱ्या संदेशात घरातला दुसरा एखादा मोबाइल नंबर टाका. सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर मुळीच नको. सापडलेल्या चावीसोबत कुलुपाचा पत्ता कशाला द्यायचा?

अँड्रॉइडवर एक सेटिंग बघायलाच हवं. फाइंड हब सुरुवातीला 'फक्त गर्दीच्या भागात' या पर्यायावर असतं, म्हणजे बऱ्याच फोनांनी टॅग ऐकला तरच ठिकाण कळतं. येऊरच्या रस्त्यावर किंवा रात्रीच्या एमआयडीसीत याचा उपयोग नाही. 'सर्व भागात' निवडा. मग तुमचा एकटा फोनही दुसऱ्यांच्या टॅगचं ठिकाण कळवू लागेल, हा त्यातला सौदा. गूगल खात्यात घराचा पत्ता नोंदवला असेल तर घराजवळून तुमचा फोन असे निरोप पाठवत नाही, म्हणून तो नोंदवलेला बरा.

टॅग स्टीलच्या डब्यात किंवा पत्र्याच्या आड ठेवू नका, धातू सिग्नल अडवतो. स्कूटरला सीटखालच्या प्लॅस्टिकच्या खणात चालतो, पण एअरटॅगची मर्यादा ६० अंश सेल्सिअस आहे, हे मे महिन्यात उघड्या पार्किंगमध्ये लक्षात असू द्या. पावसाळ्यासाठी खोक्यावर आयपी६७ शोधा, म्हणजे टॅग १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो.

एअरटॅगमध्ये सीआर२०३२ हा नाण्यासारखा चपटा सेल लागतो आणि तो साधारण वर्षभर जातो. चकाकत्या झाकणावर दोन अंगठे दाबून डावीकडे फिरवा, नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवा. 'टुण' आवाज आला नाही, तर सेलवर कडू लेप आहे का बघा; मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या तो लावतात आणि त्यामुळे कधी कधी टॅग चालू होत नाही. बिनलेपाचा सेल घेतलात तर जुना-नवा दोन्ही मुलांच्या हाताला लागू देऊ नका. गिळला तर वाट न बघता थेट हॉस्पिटल.

ठाणे–पनवेल लोकलमध्ये बॅग राहिली तर ठिपका ऐरोली, रबाळे, घणसोली असा उड्या मारत जाईल. तो नेहमी गाडीच्या मागेच असतो, पाठलाग करू नका. गाडीची वेळ आणि डबा आठवा, १३९ या रेल्वेच्या हेल्पलाइनवर कळवा. चोरीचं गणित मात्र वेगळं: चोराच्या खिशात फोन असेल तर त्यालाच 'अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय' असा इशारा जातो. तेव्हा महागड्या बाइकसाठी सिमवाला जीपीएस ट्रॅकरच योग्य. आणि ठिपका दिसला तरी तिथे एकट्याने जाऊ नका, स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात जा.

हाच इशारा घरातही भांडणं लावतो. तुमचा टॅग लावलेली स्कूटर बायकोने नेली की इशारा तिच्या फोनवर. एअरटॅग इतर पाच जणांशी शेअर करता येतो, तो करून टाका. मुलाच्या दप्तरात टॅग असेल तर स्कूलबसच्या काकांना आणि ताईंना आधीच सांगा. कामाला येणाऱ्या मावशींच्या किंवा ड्रायव्हरच्या सामानात न सांगता टॅग टाकणं ही काळजी नव्हे, पाळत आहे.

आपल्यावरच कुणी पाळत ठेवली असेल तर? मे २०२४ पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही अनोळखी टॅगचा इशारा देतात. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'अननोन ट्रॅकर अलर्ट्स' शोधून 'स्कॅन' दाबा, दहाएक सेकंद लागतात. मग बॅगेचं अस्तर, सीटखालचा खण, नंबर प्लेटची मागची बाजू हाताने चाचपा. टॅगचा आवाज आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, स्पीकर काढलेले टॅगही असतात. एअरटॅग सापडला तर त्याची पांढरी बाजू फोनच्या वरच्या टोकाला लावा. सिरियल नंबर आणि मालकाच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे दिसतील. त्यांचा फोटो घ्या, मगच सेल काढा. आणि काढायचा तो पोलीस ठाण्यात किंवा भर रस्त्यावर, घरी नाही: लावणाऱ्याच्या नकाशावर शेवटचा ठिपका तिथलाच राहतो. धोका वाटत असेल तर ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा.