परकी भाषा: आधी कानांवर पडू द्या, मग वाचायला द्या

एका तासाला नवे शब्द तीनच घ्या, फार तर चार. फळ्यावर ते अर्थासकट लिहा. अर्थ विद्यार्थ्यांच्या भाषेत दिला तरी चालतो, उलट अंदाज बांधण्यात जाणारा वेळ वाचतो. मग त्या शब्दांभोवती छोटीशी गोष्ट रचा आणि प्रत्येक वाक्यावर प्रश्न विचारत राहा. वाक्य समजा ‘मांजर खिडकीत बसलं आहे’. मांजर बसलंय का? मांजर बसलंय की कुत्रा? कोण बसलंय? कुठे? आधी हो-नाही, मग दोनांतलं एक, शेवटी कोण-कुठे. अशाने एकच रचना कंटाळा न येता आठ-दहा वेळा कानांवर पडते.

बहुतेकांचा घोटाळा वेगात होतो. शब्दाकडे बोट दाखवा, थांबा, मगच पुढे जा. नुसती मान डोलली म्हणजे कळलं असं समजू नका. मधूनच एखाद्याला वाक्याचा अर्थ सांगायला लावा.

बोलण्याची सक्ती अजिबात नको. भाषा समजलेल्या मजकुरातून अंगवळणी पडते, हेच अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या दशकात आग्रहाने मांडलं. चुकीचं वाक्य आलं, तर तेच बरोबर करून तुमच्या उत्तरात सहज वापरा.

नंतर तीच गोष्ट पात्रं बदलून लेखी द्या. स्वतंत्र वाचनाचं पुस्तक निवडताना मधलं एखादं पान उघडून मोजा: शंभर शब्दांत दोनच अनोळखी असतील तर उत्तम. पाच-सहा निघाले की संदर्भाने अर्थ लावणं अवघड जातं, दर एक-दोन ओळींना शब्दकोश उघडावा लागतो आणि पुस्तक बाजूला पडतं.