इसेन्स बाटलीतून हुंगून पारखू नका

नव्या ब्रँडचा व्हॅनिला किंवा बटरस्कॉच इसेन्स रेसिपीत लिहिलाय तेवढा घातला, की कधीकधी अख्ख्या आइस्क्रीमला औषधासारखा वास येतो. बाटली हुंगून हे कळत नाही, कारण इसेन्स अल्कोहोलमधला असेल तर आधी त्याचाच भपका येतो.

१. अर्धी वाटी कोमट दुधात चमचाभर साखर विरघळवा.
२. टूथपिकचं टोक इसेन्समध्ये बुडवून त्या दुधात ढवळा. अख्खा थेंब नको, एवढ्याशा दुधाला तो जास्त होतो.
३. १० मिनिटं झाकून ठेवा, मग घोट घ्या. खरी पारख गिळल्यानंतर होते: चांगला इसेन्स दुधात मिसळून जातो, भडक असेल तर जिभेच्या मुळाशी कडवटपणा रेंगाळतो.
४. कुल्फी-आइस्क्रीमसाठी तेच दूध फ्रिजमध्ये गार करून पुन्हा चाखा. गारव्यात गोडी आणि वास दोन्ही दबतात, म्हणून प्रमाण गार चवीवरूनच ठरवा.

दुसरी बाटली चाखण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरा, थोडे कुरमुरे खाल्ले तर उत्तमच.

साबण-मेणबत्तीसाठीचे सुगंध अशाच छोट्या बाटल्यांत मिळतात. ते चुकूनही चाखू नका. लेबलवर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) परवाना क्रमांक आधी बघा.