कृत्तिकांभोवतीची धूळ फोटोत का उतरत नाही? या चुका टाळा

दिवाळी सरली की खान्देशातलं आभाळ धुऊन काढल्यासारखं होतं आणि आपण ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र), कॅमेरा घेऊन शेताची वाट धरतो. तीन-तीन तास एक्सपोजर घेतो. तारे टाचणीच्या टोकाएवढे बारीक येतात, निळी आभाही येते, पण कृत्तिकांभोवतीचे ते ताऱ्यांमधल्या धुळीचे तपकिरी पदर काही दिसत नाहीत. कॅमेरा हलका पडला असं वाटून माणूस नवीन कॅमेऱ्याच्या किमती बघायला लागतो. थांबा. बहुतेक वेळा धूळ टिपलेली असते, ती आपल्याच हातून पुसली जाते.

एक आकडा डोक्यात पक्का बसवा. गावाबाहेरच्या चांगल्या अंधारातही आभाळाची स्वतःची उजळी दर चौरस विकलेला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) साधारण 21 मॅग्निट्यूड असते; मॅग्निट्यूडचा आकडा जितका मोठा, तितका उजेड मंद. सर्वांत मंद धूळ 26 च्या आसपास. फरक 5 मॅग्निट्यूडचा, म्हणजे 100 पट. तुमच्या फ्रेममध्ये आभाळाचे 100 भाग असतील, तर अशा धुळीचा जेमतेम एक भाग. पुढची प्रत्येक चूक या एका भागावर उठलेली आहे.

फ्लॅट घाईत उरकणं

लेन्सच्या कोपऱ्यांतला अंधार आणि सेन्सरवरच्या कणांचे धुरकट ठिपके फ्लॅट फ्रेमने, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फोटोने, जातात. फ्लॅटमध्ये 2 टक्के चूक राहिली, तर ती धुळीच्या दुप्पट झाली. मग स्ट्रेच केल्यावर, म्हणजे फोटोतला मंद उजेड वाढवल्यावर, जे ढग दिसतात ते आकाशगंगेतले नसतात, आपल्या लेन्सचे असतात.

पहाटे कॅमेरा जागचा हलवण्याआधी, फोकसला हात न लावता फ्लॅट घ्या. लेन्सच्या तोंडावर पांढरं सुती कापड दुहेरी ताणून बांधा, सुरकुती नको. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा मधोमध आणा आणि 30 तरी फ्रेम काढा. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाकायला विसरू नका, तिथून उजेड आत शिरतो. बायस फ्रेमही (लेन्स झाकून, सर्वांत कमी एक्सपोजरच्या) हव्यातच. फ्लॅटमधून बायस वजा झालं नाही की कोपरे काळपटच राहतात, आणि ते झाकायला माणूस पुढची चूक करतो.

पार्श्वभूमी साफ करताना धूळही झाडणं

सर्वांत जास्त धूळ इथे जाते. सिरिल किंवा ग्रॅक्सपर्ट या सॉफ्टवेअरमध्ये ग्रेडियंट (आभाळाच्या उजळीतला एका बाजूचा चढउतार) काढताना आपण नमुन्याचे ठिपके सगळ्या फ्रेमभर सारखे पेरतो. पण कृत्तिकांच्या फ्रेममध्ये रिकामं आभाळ जवळपास नसतंच. जो ठिपका पदरावर पडला, तिथली धूळ सॉफ्टवेअर प्रकाश-प्रदूषण समजून उचलतं. ठिपके मोजकेच ठेवा, सर्वांत काळ्या जागी, हाताने. सिरिलमध्ये आभाळाच्या उजळीचं मॉडेल ज्या बहुपदीने बनतं, तिची डिग्री 1 ठेवा. 4 वर नेलीत की ते वळणावळणाने धूळ खाऊन टाकतं. मग जे काढून टाकलं ते मॉडेल उघडून बघा. त्यात एका बाजूने दुसरीकडे जाणारा सपाट उतार दिसला तर ठीक. ढगाचा आकार ओळखू आला, तर तुमची धूळ तिथे गेली आहे.

ड्युअल-बँड फिल्टर लावणं

हा फिल्टर प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडतो; हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषांसाठी तो उत्तम. धूळ मात्र ताऱ्यांचा उजेड परावर्तित करते, तो सगळ्या रंगांत पसरलेला असतो. फिल्टर त्यातला बहुतेक उजेड अडवतो. या कामाला फिल्टर नकोच, चंद्र नसलेली रात्र हवी.

जागा आणि वेळ

परदेशी फोटो बघून ध्रुवाजवळची धूळ टिपायचा हट्ट अनेक जण धरतात. आपलं अक्षांश सुमारे 21, म्हणून ध्रुवही तेवढाच 21 अंशांवर, क्षितिजावरच्या धुरळ्यात. सप्तर्षीतल्या एम 81 या दीर्घिकेभोवतीची धूळही फार तर 42 अंशांपर्यंत चढते. उलट कृत्तिका आणि वृषभातले काळे ढग आपल्या जवळपास डोक्यावरून जातात. नोव्हेंबरच्या मध्यरात्री तिकडेच कॅमेरा धरा.

थंडीत अजून एक गोष्ट सांभाळा. शेतात भरीत पार्टी असेल, तर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा धूर गार हवेत जमिनीलगतच साचून राहतो. एकदा वांगी भाजायचा जाळ माझ्यापासून शंभर पावलांवर होता. त्या दोन तासांतल्या प्रत्येक फ्रेमची एक बाजू पिवळसर आली, सगळ्या टाकाव्या लागल्या. केळीच्या बागेशेजारी दव लवकर धरतं, लेन्सला हीटर बांधाच. जमलं तर तोरणमाळ गाठा, 1000 मीटरहून जास्त उंचीवर खालचा बराच धुरळा मागे राहतो.

मे महिन्यात ज्येष्ठा ताऱ्याजवळचे रंगीत ढग खुणावतात, पण आपल्याकडची मेची रात्रही तापलेलीच असते. सेन्सरचा थर्मल सिग्नल (उष्णतेमुळे उठणारा खोटा उजेड) दर 6-7 अंशांना दुप्पट होतो, त्यामुळे डार्क फ्रेम (लेन्स झाकून घेतलेल्या) त्याच रात्री, त्याच तापमानाला घ्या.

एक्सपोजरचं गणित सरळ आहे: एका तासाचे चार तास केले की सिग्नल-नॉइज गुणोत्तर (खऱ्या उजेडाचं खरखरीशी प्रमाण) दुप्पट होतं. चार-पाच रात्रींचा डेटा एकत्र करा, फ्रेमागणिक डिदरिंग ठेवा, म्हणजे कॅमेऱ्याची दिशा किंचित सरकवत जा. स्ट्रेच करताना पार्श्वभूमी ठार काळी करू नका, हिस्टोग्रामच्या डाव्या कडेला मोकळी जागा सोडा.

आणि तरी शंका असेल, दिसतंय ते धूळ की फ्लॅटची चूक, तर दुसऱ्या रात्री कॅमेरा 90 अंशांत फिरवून तीच फ्रेम घ्या. दोन्ही रात्रींचे स्टॅक (एकावर एक जुळवलेल्या फ्रेम) वेगवेगळे करून ताऱ्यांवर तारे जुळवा. पदर ताऱ्यांना धरून जागच्या जागी राहिला, तर ती धूळ. कॅमेऱ्याबरोबर फिरला, तर पुन्हा फ्लॅटकडे.