पहिल्या माहितीपटासाठी एडिटिंग सॉफ्टवेअर कसं निवडावं

माहितीपटाच्या एडिटिंगमधला बराचसा वेळ कापाकापीत जात नाही, शोधाशोधीत जातो. दीड तासाच्या मुलाखतीत ते नेमकं वाक्य कुठे होतं? त्यावर टाकायचा हातांचा क्लोज-अप कोणत्या दिवशीच्या कार्डात आहे? त्यामुळे ट्रान्झिशन आणि इफेक्टची यादी बघून सॉफ्टवेअर निवडणं म्हणजे रंग बघून ट्रक घेणं. आपलं फुटेज ते नीट उघडतं का, त्यात शोधणं सोपं आहे का आणि शेवटी काम बाहेर कसं काढता येतं, हे आधी बघा.

सुरुवात फुटेजपासून. मीडियाइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि प्रत्येक कॅमेऱ्याची एकेक क्लिप त्यात उघडा. कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), बिट डेप्थ (रंगाच्या छटा किती बारकाईने नोंदल्या ते) आणि फ्रेम रेट मोड (सेकंदाला फ्रेमची संख्या स्थिर की बदलती), एवढ्या तीन ओळी टिपून ठेवा. मोबाइलच्या क्लिपसमोर बहुधा ‘व्हेरिएबल’ लिहिलेलं दिसेल. म्हणजे फोनने प्रत्येक सेकंदाला सारख्याच फ्रेम घेतलेल्या नाहीत. अशी मुलाखत वेगळ्या रेकॉर्डरच्या आवाजाशी जुळवली, तर सुरुवातीला ओठ बरोबर हलतात आणि वीसेक मिनिटांनी आवाज पुढे किंवा मागे सरकलेला असतो. सॉफ्टवेअर बदलून हे सुटेलच असं नाही. फाइल दुसऱ्या स्वरूपात बदलणाऱ्या हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हिडिओ’ टॅबवर 25 किंवा 30 असा ठरावीक आकडा आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून नवी फाइल काढा, आणि तीच एडिटला घ्या. मूळ फाइल मात्र पुसू नका.

आता जागेचा हिशोब. 100 मेगाबिट प्रतिसेकंदाने घेतलेलं 4के फुटेज तासाला 45 जीबी होतं. 20 तासांचे झाले 900 जीबी. त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच. लॅपटॉप अडखळत असेल तर प्रॉक्सी बनवा, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या प्रती. 1080 आकाराच्या, सेकंदाला 25 फ्रेमच्या प्रोरेस प्रॉक्सीला (प्रोरेस हा एडिटिंगसाठीचा कोडेक) तासाला साधारण 17 जीबी लागतात. नवं मशीन घेण्याआधी हा उपाय करून बघावा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

बहुतेक नवशिक्यांनी दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीपासून सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. चित्रावर वॉटरमार्क (कंपनीचा शिक्का) येत नाही, 3840×2160 आकारात सेकंदाला 60 फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट होतं, आणि रंग व आवाजाचं काम त्यातच उरकतं. अडचणी आहेत, पण त्या ठरावीक जागी. लिनक्सवर मोफत आवृत्ती एच.264 (बऱ्याच कॅमेऱ्यांचा आणि फोनचा नेहमीचा कोडेक) फाइल उघडत नाही. त्यानंतरच्या एच.265 कोडेकचं 10 बिटचं फुटेज विंडोजवर त्रास देऊ शकतं. अंधारातल्या शॉटमधले दाणे घालवणारी नॉइज रिडक्शन आणि बोलण्याचा आपोआप लेखी मजकूर या सोयी पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत आहेत. तिचे पैसे एकदाच भरायचे असतात. आणखी एक, टाइमलाइन (क्लिप क्रमाने मांडायची पट्टी) बनवण्याआधीच फ्रेम रेट ठरवा. एकदा बनलेल्या टाइमलाइनचा फ्रेम रेट नंतर बदलता येत नाही.

प्रीमियर प्रोसाठी वर्गणी भरत राहावी लागते. माहितीपट दोन-दोन वर्षं रेंगाळतात, तेव्हा हा खर्च आधीच मोजा. बोलण्याच्या लेखी मजकुरातले शब्द निवडून थेट कट करण्याची त्यातली सोय मुलाखतींसाठी उत्तम, पण तुमच्या मुलाखतीच्या भाषेत ती किती अचूक चालते हे ट्रायलमध्येच तपासा. देवनागरी टायटलमध्ये जोडाक्षरं फुटली, तर प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्स विभागात टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन’वर न्या.

फायनल कट प्रो मॅकवर चालतं, विंडोज किंवा लिनक्सवर नाही. क्लिपच्या तुकड्यांनाही कीवर्ड देता येत असल्याने शोधाशोधीला ते फार छान आहे. मात्र आवाजाचं मिक्सिंग बाहेर करून घ्यायचं असेल, तर एएएफ फाइल (आवाजाचे ट्रॅक दुसऱ्या सॉफ्टवेअरला देण्याचं स्वरूप) काढायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. मशीन जुनं किंवा लिनक्सचं असेल तर केडेनलाइव्ह बघा. प्रॉक्सीची सोय त्यात आहे.

दोन नावं उरली की दोन्हींवर एकच चाचणी घ्या: एक मुलाखत, वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज, दहा बी-रोल क्लिप (मुलाखतीवर टाकायचे इतर शॉट) आणि काही जुने फोटो. आवाज वेव्हफॉर्मवरून (आवाजाच्या लाटांच्या आलेखावरून) जुळवा. मुलाखतीत दहा मार्कर (महत्त्वाच्या जागांच्या खुणा) नावांसह टाका. तीन मिनिटांचा कट करा, ‘क्षत्रिय’, ‘दऱ्या’, ‘कर्तृत्व’ असे शब्द टायटलमध्ये लिहा, सबटायटलची एसआरटी फाइल (वेळेसह साधा मजकूर) काढा, एक्स्पोर्ट करा. मिक्सिंग करणारी व्यक्ती दुसरी असेल तर एएएफ तिला पाठवा आणि सगळे ट्रॅक उघडले का विचारा. मग सॉफ्टवेअर बंद करा, फुटेजचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवा आणि प्रोजेक्ट पुन्हा उघडा. हरवलेल्या क्लिप परत जोडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, कारण वर्षभरात हे काम तुम्हाला चार-पाचदा तरी करावं लागणार आहे. रिझॉल्व्ह वापरणार असाल तर प्रोजेक्ट त्याच्या डेटाबेसमध्ये राहतो, फुटेजच्या फोल्डरमध्ये नाही. रोजचं काम संपल्यावर ‘एक्स्पोर्ट प्रोजेक्ट’ करून मिळणारी डीआरपी फाइल (प्रोजेक्टची प्रत) दुसऱ्या डिस्कवर ठेवत जा.