मोबाइलवरचा खेळ घडवायचा तर आधी रस्त्यावर उतरा

मोबाइलसाठी खेळकर अनुभव घडवायचे म्हणून आमच्या क्षेत्रात येणारी बरीच मुलं-मुली पहिल्याच आठवड्यात प्रश्नावली करायला बसतात. ‘तुम्हाला कोणते खेळ आवडतात?’, ‘रोज किती वेळ खेळता?’ बँकेचं अ‍ॅप करायचं असेल तर अशा प्रश्नांतून बरंच हाती लागतं, कारण माणसाला कोणतं काम उरकायचंय हे तिथे ठरलेलं असतं. खेळात उरकायचं असं काही नसतंच. मजा नेमकी कशात आली हे खेळून झाल्यावरही लोकांना धड सांगता येत नाही, मग आधी कुठून सांगणार? म्हणून आमचं संशोधन चाचपडत पुढे जातं. काहीतरी कच्चं, पण खेळता येईल असं लोकांच्या हातात द्यायचं आणि ते त्याचं काय करतात ते लक्ष देऊन पाहायचं. या कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी काही अनुभवाच्या गोष्टी लिहिते आहे.

सुरुवातीला दोन जुनी कामं जरूर वाचा. पहिलं बिल गेव्हर, टोनी डन आणि एलेना पाचेंती या डिझाइन-संशोधकांचं, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेलं. ऑस्लो, आम्सटरडॅम आणि पिसाजवळचं पेच्चोली इथल्या वयस्क मंडळींना त्यांनी पोस्टकार्डं, नकाशे आणि एक साधा कॅमेरा असलेली पाकिटं दिली. कॅमेऱ्यावर कशाकशाचे फोटो काढायचे ते छापलं होतं: तुमचं घर, आज दिसलेला पहिला माणूस, काहीतरी कंटाळवाणं. उत्तरांची बेरीज-टक्केवारी करायची नव्हती, त्या माणसांच्या जगण्याचा वास यावा एवढंच हवं होतं. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण इथे संशोधनाचं साधनच खेळकर आहे.

दुसरं ब्रिटनमधलं. ब्लास्ट थिअरी हा कलाकारांचा गट आणि नॉटिंगहॅम विद्यापीठाची मिक्स्ड रिअ‍ॅलिटी लॅब यांनी २००१ मध्ये शेफील्ड शहरात ‘कॅन यू सी मी नाऊ?’ हा पकडापकडीचा खेळ मांडला. काही जण घरबसल्या इंटरनेटवर, शहराच्या आभासी नकाशात पळत होते आणि धावणारे कलाकार हातात छोटा संगणक, जीपीएस आणि वॉकीटॉकी घेऊन खऱ्या रस्त्यांवर त्यांचा पाठलाग करत होते. जीपीएस अधूनमधून भरकटायचं, उंच इमारतींजवळ तर नाहीसंच व्हायचं. संशोधक धावणाऱ्यांच्या मागे हिंडले, त्यांचं बोलणं टिपलं, आणि दिसलं ते असं की सिग्नल कुठे दगा देतो हे धावणाऱ्यांना हळूहळू ठाऊक झालं आणि ते त्याचा डावपेचात उपयोग करू लागले. घरबसल्या खेळणाऱ्यांना वॉकीटॉकीवरून धावणाऱ्यांची धाप, रहदारी, आपसातली मसलत ऐकू यायची. खरं शहर त्यांना भेटलं ते त्या आवाजातून. प्रयोगशाळेत टेबलाशी बसून यातलं काहीही कळलं नसतं.

ग्लासगो विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ मॅथ्यू चाल्मर्स यांनी हाच धागा पुढे नेला. तंत्रज्ञानातल्या उणिवा झाकण्याऐवजी खेळात वापरायच्या, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या गटाच्या ‘फीडिंग योशी’ या खेळात रस्त्यात सापडणारी कुलूपबंद वायफाय नेटवर्कं म्हणजे भुकेले प्राणी आणि उघडी नेटवर्कं म्हणजे मळे. आठवडाभर, तीन शहरांत तो खेळला गेला, तेव्हा कामावर जाता-येताचा वेळ खेळात कसा मिसळतो ते दिसलं.

आपल्याकडचं काम यापेक्षा जवळचं वाटेल. उत्तर आणि दक्षिण भारतातल्या ग्रामीण मुलांना शिक्षणासाठी दिलेले मोबाइल गेम नीट उमगत नव्हते, म्हणून मॅथ्यू कॅम हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे २८ पारंपरिक खेळ नोंदवले, त्यांची रचना व्हिडिओगेमशी ताडून पाहिली आणि त्यावरून नवा गेम केला. तो मुलांना जास्त सहज कळला. २००९ चा हा शोधनिबंध मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला वाचायला देते.

आमच्या गटाने पुण्याच्या पेठांत फोनवरचा शोधखेळ करून पाहिला तेव्हा अ‍ॅप नव्हतंच. एक सहकारी कट्ट्यावर बसून फोनवरून सूचना देत होता, म्हणजे यंत्राचं काम माणूस करत होता. राज्य कुणावर हे फोन ठरवणार होता, पण मुलांनी आधी आपसात चकून घेतलं आणि मगच फोन हातात घेतले. एकीचा धाकटा भाऊ मागे लागला, तर त्याला लगेच लिंबूटिंबू करून टाकलं: पळायचं सगळ्यांबरोबर, बाद व्हायचं नाही. बोळात स्कूटर शिरली की कुणीतरी अंगठा दाखवून ‘टॅम्प्लीज!’ ओरडायचं आणि सगळे जागच्या जागी थांबायचे. या तीनही गोष्टी आमच्या आराखड्यात नव्हत्या. त्यातली शेवटची तर मला अमूल्य वाटते. फोनमध्ये डोकं घालून रस्त्यावर चालणाऱ्या मुलांची सुरक्षितता हा या प्रकारच्या खेळांचा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि मुलांकडे त्यावर पिढ्यान्पिढ्या चालत आलेली तोड होती. पुढच्या आराखड्यात आम्ही कुणीही दाबलं तरी सगळ्यांचा खेळ थांबेल असं मोठं बटण दिलं.

म्हणून सांगते, कोड उशिरा लिहा. कागदाच्या चिठ्ठ्या, व्हॉट्सअ‍ॅपचा गट, कॉलवरचा एक मित्र एवढ्यावर पहिला डाव होतो. भर उन्हात स्क्रीन दिसते का, डेटा टिकतो का, फोन किती तापतो हे त्याच जागी, त्याच वेळेला बघा. पाहताना खेळणाऱ्यांइतकंच कडेला उभं राहून बघणाऱ्यांकडे लक्ष द्या, त्यातले काही थोड्या वेळाने खेळात शिरतात आणि ते कशामुळे शिरले हे कळणं फार महत्त्वाचं. व्हिडिओ जरूर काढा, पण टिपणं त्याच संध्याकाळी लिहा. ‘मजा आली’ असं लिहू नका. कोण कुठे हसलं, कुठे भांडण झालं, कुठला नियम वाकवला ते लिहा.

मुलांबरोबर काम करणार असाल तर पालकांची संमती लेखी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलं आहे, आणि मूल कुठे हिंडतं ही माहिती नाजूकच असते. डाव संपला की नोंदवलेली ठिकाणं पुसून टाकायची, हा आमचा शिरस्ता आहे.

शिक्षणाबद्दल थोडक्यात: आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन-विभागासारख्या ठिकाणी एम.डेस. म्हणजे डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीसाठी सीड ही प्रवेश परीक्षा लागते, एनआयडी म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट ही परीक्षा वेगळी. पण संगणकशास्त्र, मानववंशशास्त्र, नाटक अशा वाटांनी आलेली माणसंही या कामात उत्तम रुळतात. नाटकवाल्यांना तर प्रेक्षकांत बसून बघायची सवय असते.

पोर्टफोलिओत गुळगुळीत स्क्रीनची चित्रं कमी ठेवा. एका डावाची टिपणं, तिथे काढलेले दोन-चार फोटो आणि त्यानंतर बदललेला नियम, एवढं एकाखाली एक मांडा. उमेदवार निवडायला बसते तेव्हा मी हमखास विचारते, ‘खेळणाऱ्यांनी तुमचा कोणता नियम मोडला आणि मग तुम्ही काय बदललंत?’ याचं उत्तर तयार ठेवून या, आणि त्यात जागा, वेळ, माणसं सगळं येऊ द्या.