शेतवाड्यातील जुने तळघर रिकामे करताना

काटोल-सावनेर भागातील जुन्या शेतवाड्यांत ज्वारी, गहू आणि बियाणे साठवण्यासाठी बांधलेली तळघरे अजून आढळतात. पुढे वाटण्या झाल्या, माल खळ्यावरूनच बाजार समितीत जाऊ लागला आणि या जागांत अडगळ साचत गेली. असे तळघर रिकामे करायचे असल्यास होळीनंतरचा पंधरवडा धरावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की साप गारव्यासाठी तिथेच येतात, आणि जूनच्या मध्यानंतर काळ्या मातीत मुरलेले पाणी भिंतींतून पाझरू लागते.

पहिला दिवस केवळ हवेसाठी ठेवावा. बंद जागेत कुजणारे धान्य प्राणवायू ओढून घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने तळाशी साचतो आणि त्याला वासही नसतो. आम्ही दोरीला बांधून कंदील सोडला, तेव्हा सहाव्या पायरीपर्यंत तो नीट जळत होता आणि नवव्या पायरीशी ज्योत लहान होत होत विझली. चुलतभावाचे म्हणणे वारा लागला असेल असे होते, परंतु बंद तळघरात वारा येणार कुठून? हवेतील प्राणवायू २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांपर्यंत उतरला की ज्योत टिकत नाही. मात्र कंदील जळत राहिला म्हणजे जागा निर्धोक ठरली असे मानू नये, कारण विषारी वायू त्याने कळत नाहीत. आणि रॉकेल-डिझेलचा वास येत असेल तर कंदील सोडूच नये.

तोंडाशी पंखा लावल्याने वरचीच हवा हलते. त्यापेक्षा जुना कूलर पाण्याविना चालवून त्याच्या तोंडाला ताडपत्रीची लांब नळी बांधावी व तिचे दुसरे टोक तळापर्यंत सोडावे; नागपूरकडे पडीक कूलरची वाण नाही. दिवसभर हवा खेळल्यावर पुन्हा तपासावे, आणि उतरणाऱ्याच्या छातीला दोर बांधून त्याचे टोक धरणारी दोन माणसे वर ठेवावीत. खालचा माणूस कोसळला तर त्याला दोराने ओढावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा, पण मागोमाग कोणीही उतरू नये. पेवांमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या धान्यकोठारांत, दुसरा बळी बहुधा वाचवायला गेलेल्याचाच असतो.

त्यानंतर विषांकडे वळावे. धान्यात ठेवलेल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना ओलावा लागला की फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही; म्हणून करड्या भुकटीच्या पुड्या किंवा गोळ्यांच्या नळ्या दिसल्यास पाणी मारू नये, लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आल्यास तत्काळ बाहेर पडावे आणि कृषी सहायकाला कळवावे. कीटकनाशकांचे गंजलेले डबे उघडू नयेत. त्यांत २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेले एंडोसल्फानही निघू शकते. डबे रिकामे दिसले तरी भंगारवाल्याला देऊ नयेत.

पोती आणि पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, भारे हाताने न उचलता लांब दांड्याच्या आकडीने ओढावेत, कारण खाली मण्यार किंवा विंचू असतोच असे धरून चालावे. गमबूट आणि जाड हातमोजे घालावेत. उंदरांच्या लेंड्या व वटवाघळांची विष्ठा कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून, नाक-तोंड बांधून ती फावड्याने घमेल्यात भरावी. गोळ्यांची भुकटी शिल्लक असेपर्यंत मात्र हे शिंपडणेही नको.

वस्तू निवडताना घाई करू नये. आमच्याकडे पितळी पायलीच्या तळाशी घडी घातलेला जुना फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीचा कागद, सापडला, जो भंगारात जवळजवळ गेलाच होता. असे कागद सावलीत वाळवून सुटे ठेवावेत, लॅमिनेशन करू नये. जमिनीत पुरलेले धन निघाले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. ही मर्यादा वाचून हसू येते, परंतु कायदा तसाच आहे.

शेवटी भिंती खरवडून चुन्याचे दोन हात द्यावेत. चुन्याच्या जुन्या गिलाव्यावर सिमेंट थापल्यास ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात, म्हणून गवंड्याने कितीही आग्रह केला तरी त्याला नकार द्यावा. चुना वाळेपर्यंत तळघराचे झाकण उघडेच ठेवून त्यावर बारीक जाळी बसवावी.